छाती-पोटाची महाधमनी बदलताना पाय कसे वाचवायचे?

गुंगी (धागाकर्ती)

थोरॅकोॲब्डॉमिनल ॲन्युरिझमच्या (छाती-पोटातल्या महाधमनीला आलेल्या फुग्याच्या) ऑपरेशनच्या संमतिपत्रात एक ओळ असते: दोन्ही पाय कायमचे लुळे पडू शकतात. मृत्यूच्या ओळीवर सही करणारा पेशंटही या ओळीवर थबकतो. १९९३ साली सर्जन क्रॉफर्ड यांच्या ह्यूस्टनमधल्या १५०९ पेशंटांचा हिशेब छापून आला, त्यात पाय पूर्ण किंवा अर्धवट गेलेले १६ टक्के होते. २०१६ साली ह्यूस्टनमधूनच सर्जन कोसेली यांनी ३३०९ ऑपरेशनांचा हिशेब मांडला. त्यात कायमचा पॅराप्लेजिया (दोन्ही पाय लुळे) २.९ टक्के आणि कायमची अर्धवट कमजोरी २.४ टक्के होती. हा फरक सात-आठ छोट्या गोष्टी एकत्र केल्याने पडला आहे आणि त्यातली एक निसटली तरी बाकीच्या लंगड्या पडतात. या धाग्यावर त्या गोष्टी तपशिलात लिहू या. भूल, पंप, सर्जरी, मॉनिटरिंग, आयसीयू अशा सगळ्या बाजूंची मंडळी इथे आहेत.

सुरुवात रक्तपुरवठ्यापासून. मेरुरज्जूच्या (आमच्या भाषेत कॉर्डच्या) पुढच्या दोन तृतीयांश भागाला एकच उभी धमनी आहे. हालचालीच्या तारा त्याच भागात. ही धमनी मानेत व्हर्टिब्रलच्या फांद्यांतून निघते आणि वाटेत इंटरकोस्टल (बरगड्यांमधल्या) आणि लंबर (कमरेच्या) धमन्यांकडून रसद घेत खाली उतरते. त्यातली ठसठशीत रसद म्हणजे ॲडमकिविझची धमनी. ती साधारण टी ८ ते एल १ (छातीचा आठवा ते कमरेचा पहिला मणका) च्या दरम्यान येते, बहुतेकांत डावीकडून. पूर्वी सगळा जीव त्या एका धमनीत अडकलेला असायचा. पुढे न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमधून ग्रीप आणि एट्झ यांनी जाळ्याची कल्पना पुढे आणली. कॉर्डभोवती, मणक्यांभोवती आणि पाठीच्या स्नायूंत बारीक धमन्यांचं एकच जाळं आहे. त्याला वरून डाव्या सबक्लेव्हियनचं (हाताकडे जाणारी धमनी), मधून सेगमेंटल (याच इंटरकोस्टल-लंबर) धमन्यांचं आणि खालून इंटरनल इलियॅकचं (ओटीपोटातली धमनी) पाणी येतं. चाळीला तीन बाजूंनी नळ असावेत तसं. एक बंद झाला तर भागतं, दोन एकदम गेले की वरच्या मजल्यावर ठणठणाट.

म्हणून पहिला नियम: दोन नळ एकाच वेळी बंद करायचे नाहीत. दुसरा नियम दाबाचा. कॉर्डला मिळणारा दाब म्हणजे सरासरी रक्तदाबातून पाठीतल्या पाण्याचा, म्हणजे सीएसएफचा, दाब वजा. सरासरी ९० आणि सीएसएफ १० असेल तर ८० मिळाले. सरासरी ६५ आणि सीएसएफ १८ असेल तर उरले ४७, आणि मॉनिटरवरचे ६५ बघून कोणालाच काही वावगं वाटत नाही. सीव्हीपी (मोठ्या शिरांतला दाब) सीएसएफपेक्षा जास्त असेल तर सीव्हीपी वजा करा. पंपाचा आणि पीईईपीचा (व्हेंटिलेटर फुप्फुसात राखतो त्या दाबाचा) विचार करताना हे विसरलं जातं.

महाधमनीला क्लॅम्प (चिमटा) लागल्यावर चार गोष्टी होतात. खालचा दाब पडतो. सीएसएफचा दाब चढतो. उघड्या पडलेल्या सेगमेंटल धमन्यांतून रक्त उलटं गळून जाळं रिकामं होतं. आणि क्लॅम्प काढल्यावर कॉर्डला सूज येते. पुढचे सगळे उपाय या चारांपैकी कशावर तरी आहेत.

धोका कोणाला जास्त? क्रॉफर्डचा टाइप २, म्हणजे डाव्या सबक्लेव्हियनपासून थेट मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या खालपर्यंत. त्याखालोखाल टाइप १ आणि ३. टाइप ४ डायाफ्रामच्या खालचा, तिथे धोका बराच कमी. फुटलेला ॲन्युरिझम, आधी झालेली महाधमनीची सर्जरी, बंद पडलेली इंटरनल इलियॅक आणि आधीच बिघडलेली मूत्रपिंडं यांनी धोका वाढतो.

---

पंपावरचा

पंपाची बाजू मी लिहितो. टाइप १ आणि २ ला लेफ्ट हार्ट बायपास, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूचं रक्त पंपाने खालच्या अंगाला. डाव्या खालच्या पल्मनरी व्हेनमधून लेफ्ट एट्रियममध्ये (हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात) कॅन्युला (नळी), तिथून सेंट्रिफ्युगल पंप आणि परत डाव्या फिमोरलमध्ये (मांडीच्या धमनीत) किंवा खालच्या महाधमनीत. रक्त फुप्फुसातून आलेलं असल्याने ऑक्सिजनेटर लागत नाही. हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) थोडं पुरतं, किलोला १०० युनिट. फ्लो साधारण मिनिटाला १.५ ते २.५ लिटर.

दाबाच्या दोन लाइन हव्यातच. वरची उजव्या रेडियलमध्ये (मनगटाच्या धमनीत), कारण डावी सबक्लेव्हियन क्लॅम्पमध्ये जाऊ शकते. खालची उजव्या फिमोरलमध्ये, कारण डावीत कॅन्युला आहे. वर सरासरी ८० ते १००, खाली ६० ते ८० राखायचा. पंप जास्त पळवला की एट्रियम रिकामं होतं, हृदयाला भरायला रक्त उरत नाही आणि वरचा दाब कोसळतो. कमी पळवला की वरचा चढतो आणि खालचा पडतो. वरचा चढलेला बघून घाईने व्हेसोडायलेटर देऊ नका, आधी फ्लो वाढवून बघा. दोन्ही आकडे एका वेळी सुधारतात.

या सर्किटची दुबळी बाजू म्हणजे रिझर्व्हायर नाही आणि हीट एक्स्चेंजर नाही. सांडलेलं रक्त पंप परत देऊ शकत नाही. सेल सेव्हर (सांडलेलं रक्त धुऊन परत देणारं यंत्र) आणि रॅपिड इन्फ्युजर (वेगाने रक्त भरणारं यंत्र) वेगळे, चालू स्थितीत, पाइप भरलेले हवेत. एट्रियमच्या टाक्यातून हवा ओढली गेली तर ती थेट धमनीत जाते, म्हणून एट्रियम कधीच कोरडं पडू द्यायचं नाही. तापमान आपोआप ३२ ते ३४ अंशांपर्यंत घसरू द्यायचं. तेवढ्यानेही कॉर्डची भूक घटते. ३२ च्या खाली गेलात तर हृदय फिब्रिलेट होण्याची भीती असते, आणि लेफ्ट हार्ट बायपास तर हृदयाच्याच जिवावर चालतो.

डावं फुप्फुस मिटवून एका फुप्फुसावर सॅच्युरेशन टिकत नसेल तर ऑक्सिजनेटरसह फेम-फेम पार्शल बायपास (मांडीच्या शिरेतून रक्त घेऊन मांडीच्या धमनीत). मग हेपरिन पूर्ण. इथली चकवणारी गोष्ट: पायाला पंपाचं लालभडक रक्त जातं आणि डोक्याला फुप्फुसातून आलेलं, कदाचित काळं. एबीजी (धमनीच्या रक्ताची वायू-तपासणी) उजव्या हातातूनच काढा.

---

टाकेवाला

सर्जनची बाजू. क्लॅम्प टप्प्याटप्प्याने. आधी वरचा तुकडा, साधारण टी ४ ते टी ७ पर्यंत, वेगळा करून वरचं टोक शिवायचं. तोवर खालचं सगळं पंपावर. मग खालचा क्लॅम्प खाली सरकवायचा. टी ७ च्या वरच्या इंटरकोस्टल सहसा टाके घालून बंद करतात, टी ८ ते एल १ मधल्या मोठ्या जोडतात.

महाधमनी उघडली की इंटरकोस्टलच्या तोंडातून रक्त उलटं येतं. जोरात येत असेल तर जाळं भरलेलं आहे आणि तुम्ही ते रिकामं करताय. छोटा बलून कॅथेटर घालून किंवा टाका घेऊन ती तोंडं लगेच बंद करा. सक्शनने ऑपरेशनची जागा साफ ठेवत बसलात तर कॉर्डचंच रक्त ओढताय. उलट, मोठं तोंड आहे आणि त्यातून जेमतेम थेंब येतोय, तर तिथलं जाळं कमकुवत आहे. ती धमनी जोडण्याच्या यादीत वर घ्या. हे नवशिक्याला उलटं वाटतं.

जोडायची कशी? जवळजवळ असतील तर एकत्र पॅच करून ग्राफ्टच्या (महाधमनीच्या जागी शिवलेल्या कृत्रिम नळीच्या) खिडकीला शिवतात. मार्फानसारख्या (जन्मतः धमनीची भिंत कमकुवत असलेल्या) पेशंटमध्ये हा पॅचच पुढे फुगतो. तिथे ८ किंवा १० मिमीचा वेगळा छोटा ग्राफ्ट घेऊन जोडलेलं बरं. आपल्याकडे ताकायासूचे (धमन्यांच्या भिंतींना सूज आणणारा आजार) आणि जुन्या डिसेक्शनचे (भिंत आतून फाटून दोन पोकळ्या झालेले) तुलनेने तरुण पेशंट येतात. ताकायासूत भिंत जाड आणि तोंडं आकसलेली असतात, तिथे पॅचचा हट्ट धरून वीस मिनिटं घालवण्यात अर्थ नाही. डिसेक्शनमध्ये दोन्ही ल्युमेनमधली (पोकळ्यांमधली) तोंडं शोधावी लागतात. मधला पडदा पूर्ण कापल्याशिवाय निम्मी दिसतच नाहीत.

मूत्रपिंडांना ४ अंशांचं थंड द्रावण अधूनमधून, आणि सीलियॅक व सुपीरियर मेसेंटेरिकला (यकृत-जठर व आतड्यांच्या धमन्यांना) शक्य असेल तर पंपातूनच वेगळ्या कॅथेटरने रक्त. याचा कॉर्डशी काय संबंध? आतडी उपाशी राहिली तर क्लॅम्प निघताच ॲसिड आणि पोटॅशियम उसळतं, दाब ४० वर येतो आणि कॉर्ड त्या दहा मिनिटांत मरते.

डावी सबक्लेव्हियन किंवा इंटरनल इलियॅक 'तांत्रिक सोयीसाठी' बळी देऊ नका. तोही एक नळच आहे.

---

शंकेखोर

रेसिडेंट आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर माफ करा. एमईपी (मेंदू चेतवून स्नायूंत मोजलेले हालचालीचे संकेत) बंद झाले तर पाच कारणं सांगतात आणि प्रत्येक जण आपापलं सोडून दुसऱ्याचं सांगतो. ओळखायचं कसं? आणि एसएसईपी (संवेदनेचे संकेत) पुरेसे का नाहीत?

---

तारायंत्र

बाळबोध अजिबात नाही.

एसएसईपी कॉर्डच्या मागच्या कॉलमचं सांगतात, इस्केमिया (रक्त तुटणं) होतो पुढे. शिवाय त्यांची सरासरी काढायला वेळ जातो. मागचा भाग शाबूत आणि पाय गेलेले, असं होऊ शकतं. म्हणून एमईपी हवेत. एसएसईपी जोडीला ठेवा.

मांडणी: डोक्यावर सी ३ आणि सी ४ या ठरलेल्या जागांवर सुया, पाच-सहा पल्सची माळ, बहुधा ३०० ते ५०० व्होल्ट. रेकॉर्डिंग दोन्ही टिबियालिस अँटिरियर (नडगीचा स्नायू) आणि ॲबडक्टर हॅलुसिसमधून (पायाच्या अंगठ्याचा स्नायू), आणि दोन्ही हातांच्या अंगठ्याच्या उशीतून. हात नसतील तर तुलना नाही, आणि तुलना नसेल तर मॉनिटरिंग म्हणजे नुसती चित्रं. दाताखाली दोन्ही बाजूंना मऊ गॉजचे बाइट ब्लॉक. जीभ चावून फाटते, आणि अंगात हेपरिन असतं. पेशंट कुशीवर असल्याने ब्लॉक सरकतो, दर तासाला हात घालून बघा.

आता ओळखायचं कसं ते.

चारही ठिकाणचे पडले: भूल खोल गेली, रिलॅक्संट (स्नायू ढिले करणारं औषध) दिला, तापमान घसरलं किंवा एकूणच दाब पडला.

फक्त डावा पाय पडला: बहुतेक वेळा फिमोरल कॅन्युलामुळे त्या पायाला रक्त नाही. स्नायू आणि नस उपाशी, कॉर्ड ठीक. ओळखायला गुडघ्यामागून थेट नस चेतवून बघा. तिथूनही प्रतिसाद नसेल तर दोष पायात आहे. टाळायचं असेल तर कॅन्युला थेट धमनीत न घालता फिमोरलला बाजूने ग्राफ्ट शिवून त्यातून पंप जोडा.

दोन्ही पाय पडले, हात शाबूत: कॉर्ड. इथे वाद घालायचा नाही. सुरुवातीच्या आकाराच्या निम्म्याखाली आले की मोठ्याने सांगायचं आणि घड्याळ लावायचं. भूलवाले दाब वाढवतील, पंपवाला फ्लो, ड्रेनमधून (पाठीत घातलेल्या, सीएसएफ काढायच्या बारीक नळीतून) १० मिलीपर्यंत पाणी, हिमोग्लोबिन बघायचं, आणि पाचेक मिनिटांत परत आले नाहीत तर सर्जनने पुढची मोठी इंटरकोस्टल जोडायची. मास्ट्रिख्टचे सर्जन याकोब्स यांनी नेमकी हीच पद्धत लावून धरली: कोणती धमनी जोडायची ते शरीरशास्त्राच्या पुस्तकावरून नाही, एमईपीवरून ठरवायचं.

गुंगी मॅडम, रिलॅक्संटबद्दल तुम्हीच लिहा. सगळ्यात जास्त भांडण तिथेच होतं.

---

गुंगी

@तारायंत्र, लिहिते. प्रोपोफॉल आणि फेंटानिल किंवा रेमिफेंटानिलवर टीआयव्हीए, म्हणजे सगळी भूल शिरेतून. व्हेपर (हुंगायची भूल, उदा. सेव्हो) लावायचाच असेल तर अर्ध्या मॅकच्या (त्याच्या ताकदीचं माप) खाली आणि न बदलता. खरी अडचण बदलण्याने होते. बेसलाइन घेतल्यावर सेव्हो वाढवला तर एमईपीचा अर्थ लागत नाही. इन्ट्युबेशनला रिलॅक्संट एकदाच, मग उतरू द्यायचा, आणि ट्रेन ऑफ फोर (रिलॅक्संट उतरला का ते बघायची नस-चाचणी) पूर्ण आल्यावरच बेसलाइन. 'छाती घट्ट आहे, थोडा रिलॅक्संट द्या' अशी मागणी येते तेव्हा आधी मॉनिटरिंगवाल्याला विचारा.

आणि काय टाळायचं: नायट्रोप्रुसाइड (दाब उतरवायचं औषध). वरचा दाब खाली आणतं, सीएसएफचा दाब वर नेतं, म्हणजे वजाबाकीच्या दोन्ही बाजूंनी नुकसान. नायट्रोग्लिसरिनही जपून. हायपरव्हेंटिलेशन नको, कार्बन डायऑक्साइड खाली गेला की कॉर्डच्या धमन्या आकसतात. डेक्स्ट्रोजचे सलाइन नकोत, साखर १८० च्या खाली ठेवा. साखर चढलेली असताना झालेला इस्केमिया जास्त जाळतो.

पाठीत वेदनेसाठी एपिड्युरल घातलं असेल तर पहिल्या दोन दिवसांत त्यातून लोकल ॲनेस्थेटिक देऊ नका. पाय हलत नाहीत ते औषधाने की कॉर्डने, हे कोणालाच सांगता येणार नाही आणि त्या गोंधळात सोन्यासारखे तास जातील.

---

शंकेखोर

कॉर्ड वाचवायला देतात ती औषधं? स्टेरॉइड, नॅलोक्सोन, मॅनिटॉल, पॅपावेरिन? प्रत्येक युनिटचा वेगळा काढा दिसतो.

---

गुंगी

काढाच म्हणा. विस्कॉन्सिनच्या एकर यांनी ड्रेन आणि नॅलोक्सोन एकत्र वापरून चांगले निकाल दाखवले, बोस्टनमध्ये कॅम्ब्रिया यांनी एपिड्युरलमध्ये थंड सलाइन सोडून कॉर्ड गार केली. पण यांत नेमकं काम कशाने केलं, ते सुटं करून दाखवणं अवघड आहे. रँडमाइझ्ड (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडलेल्या) चाचणीत ठसठशीत उतरलेली गोष्ट म्हणजे सीएसएफ ड्रेन. २००२ साली कोसेली यांच्या चाचणीत टाइप १ आणि २ चे १४५ पेशंट होते. पाय गेले ते ड्रेन नसलेल्यांत १३ टक्के, ड्रेन असलेल्यांत २.६ टक्के. औषधं द्यायची तर द्या, पण त्यांच्या भरवशावर दाब ७० वर सोडू नका.

---

रात्रपाळी

ड्रेनवर मी लिहिते, कारण ऑपरेशन सहा-आठ तासांचं आणि ड्रेन आमच्याकडे, आयसीयूच्या नर्सांकडे, तीन दिवस.

घालताना: एल ३-४ किंवा एल ४-५, १४ गेजची टूही सुई (कॅथेटर आत सरकवायची जाड सुई), कॅथेटर आत ८ ते १० सेंमी. प्लेटलेट एक लाखाच्या वर, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) १.३ च्या खाली, क्लोपिडोग्रेल (प्लेटलेट चिकटू न देणारं औषध) ५ ते ७ दिवस आधी बंद. सुई घातल्यापासून हेपरिनपर्यंत किमान एक तास. सुईतून रक्त आलं तर घाईचं नसलेलं ऑपरेशन एक दिवस पुढे ढकलणं शहाणपणाचं.

आता चुका.

एक. एककाची चूक. ऑर्डर असते '१० वर ठेवा'. १० काय? ट्रान्सड्यूसर (दाब मोजायचं उपकरण) मिमी पाऱ्यात दाखवतो, ड्रेनच्या दांडीवरच्या खुणा बऱ्याचदा सेंमी पाण्याच्या असतात. १० मिमी पारा म्हणजे १३.६ सेंमी पाणी. दांडीवर १० ला अडकवलंत तर प्रत्यक्षात ७.४ मिमी पाऱ्यावर पाणी निघतंय, ठरल्यापेक्षा जास्त. काही दांड्यांवर दोन्ही खुणा असतात आणि चुकीच्या बाजूची वाचली जाते. ऑर्डरमध्ये एकक लिहिल्याशिवाय घेऊ नका.

दोन. प्रेशर बॅग. धमनीच्या लाइनच्या सवयीने कोणीतरी ट्रान्सड्यूसरला ३०० च्या दाबाची हेपरिन-सलाइनची पिशवी लावतं. पाठीतल्या लाइनला ती कधीच नाही. ट्रान्सड्यूसर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या सलाइनने हाताने भरायचा आणि बंद करायचा. फ्लशचा पर्यायच उरू नये. स्टॉपकॉकवर मोठं लेबल: 'पाठीची लाइन, औषध नाही.' सगळी इंजेक्शन-तोंडं टोपणाने बंद.

तीन. झिरो. पलंग वर केला, डोकं ३० अंश उचललं, ट्रान्सड्यूसर होता तिथेच राहिला. पातळी कुठली धरायची ते युनिटने एकदा ठरवावं आणि सगळ्यांनी तीच धरावी. पेशंट हलवताना, कुशीवर वळवताना, सीटीला नेताना ड्रेन बंद. आणि नंतर उघडायची आठवण. दोन तास बंद राहिलेला ड्रेन म्हणजे ड्रेन नसणं.

चार. जास्त काढणं. शरीर तासाला साधारण २० मिली सीएसएफ बनवतं, एका वेळी अंगात असतं साधारण १५० मिली. तासाला १० मिली पुरे, १५ च्या वर सिनिअरना विचारल्याशिवाय नाही. आकडा १० च्या वर गेला म्हणून एकदम ४० मिली सोडलं तर मेंदू खाली ओढला जातो, वरच्या शिरा ताणून फाटतात आणि सबड्युरल (मेंदूच्या आवरणाखाली रक्तस्राव) होतं. पाय वाचले आणि डोकं गेलं.

पाच. रंग. पाणी गुलाबी झालं की ड्रेन बंद, डॉक्टरांना फोन, डोक्याचा सीटी. 'थोडं लालसर आहे, बघू सकाळी' नाही. नवी डोकेदुखी, दुहेरी दिसणं, गुंगी वाढणं यांनाही तेच.

पाय तपासणं दर तासाला: सरळ पाय उचलणं, गुडघा वाकवणं, अंगठा हलवणं. दोन्ही बाजू वेगळ्या लिहायच्या. नुसतं 'हलवतो' लिहिलंत तर पुढच्या पाळीला काही कळत नाही. आणि सूचना पेशंटच्या भाषेत द्या. अर्धवट गुंगीतल्या खेड्यातल्या आजोबांना 'लिफ्ट युवर लेग' म्हणून काही हलत नाही. 'आजोबा, उजवा पाय उचला बरं' म्हटलं की उचलतात.

---

पंपावरचा

+१, विशेषतः दोन नंबरला.

---

कॅथलॅब_कट्टा

इथे सगळं ओपनबद्दल चाललंय. स्टेंटग्राफ्टमध्ये (छाती न उघडता धमनीतून आत सरकवलेल्या नळीत) क्लॅम्प नाही, पण इंटरकोस्टल कायमच्या झाकल्या जातात आणि परत जोडता येत नाहीत. म्हणून आमच्याकडे सगळा भर टप्प्यांवर. छातीचा भाग आधी, पोटाचा काही आठवड्यांनी. मधल्या काळात जाळं मोठं होतं. फेनेस्ट्रेटेड किंवा ब्रँच्ड (अवयवांच्या धमन्यांसाठी भोकं किंवा फांद्या असलेल्या) ग्राफ्टमध्ये एखादी फांदी मुद्दाम उघडी ठेवतात, फुग्यात थोडं रक्त जात राहतं, आणि काही दिवस-आठवड्यांनी ती बंद करतात. लायप्त्सिगच्या गटाने आधीच काही सेगमेंटल धमन्या कॉइलने बंद करून जाळ्याला तयारी करायला लावण्याची पद्धत आणली. व्यायामशाळेसारखं: आधी हलका भार, मग जड.

डावी सबक्लेव्हियन झाकावी लागणार असेल तर आधी कॅरोटिड-सबक्लेव्हियन बायपास. इलियॅकमधलं जाड शीथ (ग्राफ्ट आत नेणारी नळी) काम संपताच काढा किंवा मागे घ्या, नाहीतर पाय आणि इंटरनल इलियॅक दोन्ही अडतात.

एक मतभेद नोंदवतो. ड्रेन सगळ्यांना आधीच घालावा हे मला पटत नाही. स्टेंटग्राफ्टमध्ये पेशंटला टेबलावरच किंवा लगेच जागं करून पाय बघता येतात. ड्रेनने सबड्युरल, मेनिंजायटिस, एपिड्युरल हिमॅटोमा (कॉर्डच्या आवरणाबाहेर साचलेलं रक्त) होतात, आणि हिमॅटोमा स्वतःच पाय घालवतो. छोट्या लांबीला ड्रेन तयार ठेवा, घालू नका.

---

गुंगी

ओपन टाइप १, २, ३ ला आधीच ड्रेन, यावर मी हटणार नाही. स्टेंटग्राफ्टबद्दल तुमचं बरंचसं मान्य. फक्त 'तयार ठेवा' यात एक खोच आहे. रात्री दोनला पाय गेले, पेशंट दोन अँटिप्लेटलेटवर आहे, पाठीत सुई घालणारा माणूस घरी आहे, तर तयार ड्रेन म्हणजे कपाटातला ड्रेन. २० सेंमीपेक्षा जास्त लांबी झाकणार, आधी पोटाच्या महाधमनीचं काम झालंय, सबक्लेव्हियन किंवा इंटरनल इलियॅक बंद आहे, यांतलं काही असेल तर मी आधीच घालेन.

---

टाकेवाला

टप्प्यांची कल्पना ओपनमध्येही जुनी आहे. १९८३ साली हॅनोव्हरच्या बोर्स्ट यांनी एलिफंट ट्रंक आणला, आर्च (महाधमनीची कमान) आधी आणि खालचं नंतर. आताच्या फ्रोझन (स्टेंट जोडलेल्या) एलिफंट ट्रंकमध्ये मात्र स्टेंट लांब घेतला आणि टोक टी ८ च्या खाली गेलं की कॉर्डचा धोका वाढतो. आखूड स्टेंट घ्या, उरलेलं नंतर.

---

शंकेखोर

शेवटचं: ऑपरेशननंतर पाय नीट हलले, तिसऱ्या दिवशी गेले. असं का? आणि त्या क्षणी काय क्रमाने करायचं?

---

रात्रपाळी

का, ते बहुतेक वेळा चार्टवरच लिहिलेलं असतं. सूज असतेच, जाळं काठावर जगत असतं, आणि कोणीतरी दाब पाडतं. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाची लय बिघडणं), डायलिसिसची पहिली फेरी, रक्तस्राव, सेप्सिस, आणि सगळ्यात चीड आणणारं म्हणजे घरच्या बीपीच्या गोळ्या पूर्ण डोसने परत चालू करणं. आयुष्यभर १६० वर राहिलेल्या माणसाचा दाब ११० वर आणून 'नॉर्मल आला' म्हणतात. त्याच्या कॉर्डसाठी तो नॉर्मल नाही. पहिले तीन-चार दिवस सरासरी ९० च्या वर, गोळ्या एकेक, कमी डोसने, आणि प्रत्येक गोळीनंतर पाय बघून.

क्रमाबद्दल डॉक्टर लिहितील.

---

गुंगी

ह्यूस्टनच्या एस्ट्रेरा आणि साफी यांची 'कॉप्स' पद्धत डोक्यात ठेवा: ड्रेन, ऑक्सिजन, पेशंटची स्थिती. प्रत्यक्षात हे सगळं एकदम, पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत:

पेशंट सपाट. ड्रेन चालू आहे का, पिळला-गुंडाळला तर नाही ना, हे बघा. ड्रेन असेल तर सीएसएफचा दाब ५ मिमी पाऱ्यापर्यंत खाली, पण सिस्टरांनी लिहिलेल्या धोक्यांवर नजर ठेवून. ड्रेन नसेल तर आयएनआर-प्लेटलेट बघून लगेच घाला. नॉरॲड्रेनलिनने सरासरी दाब ५-१० च्या पायऱ्यांनी वर, पाय हलेपर्यंत, गरज पडली तर १०० ते ११०. नव्या टाक्यांची काळजी सर्जनला विचारून घ्या, पण विचारत बसून वेळ घालवू नका. हिमोग्लोबिन १२ च्या आसपास, सॅच्युरेशन भरपूर, कार्डियाक इंडेक्स (शरीराच्या आकारमानाने हृदय किती रक्त फेकतं ते) २.५ च्या वर. फिब्रिलेशन असेल तर लय परत आणा. एपिड्युरलमधून काही चालू असेल तर बंद.

एमआरआय यानंतर. एक अपवाद: ड्रेन घातलाय किंवा नुकताच काढलाय, आणि पाठीत जोरदार दुखतंय. मग एपिड्युरल हिमॅटोमा समजून तातडीने इमेजिंग आणि न्यूरोसर्जन, कारण तिथे दाब वाढवून काही होत नाही, रक्त काढावं लागतं.

उशिरा गेलेले पाय बऱ्याचदा परत येतात, उठल्या क्षणीच गेलेले क्वचित. म्हणून तिसऱ्या दिवशीच्या फोनला 'येतो' म्हणू नका. फोनवरच दाब वाढवायला सांगा आणि मग या.

---

वाचनमात्र

वैद्यकीय क्षेत्रातली नाही, पण पूर्ण धागा वाचला. नातेवाईकांनी घरी आल्यावर काय बघायचं?

---

रात्रपाळी

चांगलं विचारलंत ताई. घरी आल्यावरही काही आठवडे धोका पूर्ण जात नाही. बीपीची गोळी कोणती, किती, कधीपासून ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि जुनं प्रिस्क्रिप्शन ड्रॉवरमधून काढून टाका. दोन्ही मिळून घेतल्या जातात. चक्कर, जुलाब-उलट्या, ताप असेल तर गोळी घेण्याआधी फोन करा. पाय जड वाटणं, चप्पल निसटणं, लघवी अडणं: लगेच हॉस्पिटल. वाटेत आडवं झोपवून न्या.

---

शंकेखोर

ड्रेन काढण्याचं राहिलं.

---

रात्रपाळी

हो. पाय ठीक असतील तर ४८ ते ७२ तासांनी. आधी १२ ते २४ तास बंद करून ठेवायचा, कॅथेटर जागेवरच, पाय तासातासाला. काही झालं तर फक्त नळ उघडायचा असतो, म्हणून ही पायरी गाळू नका. मग प्लेटलेट आणि आयएनआर परत. प्रतिबंधक डोसचं एलएमडब्ल्यू हेपरिन (त्वचेखाली द्यायचा हेपरिनचा प्रकार) दिलं असेल तर शेवटच्या डोसनंतर १२ तास थांबून काढा, आणि पुढचा डोस काढल्यावर किमान ४ तासांनी. पेशंट कुशीवर, पाय पोटाशी, हळू ओढा. अडलं तर जोर नाही, पाठ जास्त वाकवून परत बघा. जोराने ओढलं की तुटतं. बाहेर आल्यावर टोक आणि सेंमीच्या खुणा मोजून अखंड आहे असं नोटमध्ये लिहा. भोकातून पाणी झिरपत असेल तर एक टाका, आणि पेशंट काही तास सपाट.